चिमूटभर मैदा आणि 180 अंश

यवतमाळात दिवाळीची नानकटाई घरी भाजत नसत. घरी व्हायचं ते फक्त फेसणं. परातीत डालडा आणि पिठीसाखर आई तळहातानं फेसायची, हात भरून येईपर्यंत. मग मैदा, वेलची. तो गोळा गंजात घालून, वर फडकं बांधून आम्हा पोरांपैकी कुणाच्या तरी हाती दिला जायचा, सोबत रिकामा पत्र्याचा डबा. बेकरीत ही रांग. ट्रे तिथलेच, नानकटाई तिथंच वळायची. आपली दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून कुणी वर चारोळी लावायचं, कुणी बदामाचा काप.

नंबर दुपारनंतरच लागायचा. लाकडाची भट्टी पेटली की तिची ताजी आच आधी पावाला लागे. पाव निघाले की विटा हळूहळू निवायला लागत आणि नानकटाईला हवी असते ती हीच उतरती आच. घाई केली तर खालून करपलेली, आतून कच्ची. बेकरीवाले काका भट्टीच्या फरशीवर चिमूटभर मैदा टाकून बघायचे. टाकताक्षणी काळा पडला तर "थांबा बाप्पा जरा". सावकाश बदामी झाला की ट्रे आत. पावाला 220 अंशांच्या आसपास लागतात आणि नानकटाईला 160-170, हे आम्हाला फार उशिरा कळलं. काकांचं काम चिमटीवर भागत होतं.

केकची गोष्ट वेगळी. तो वाढदिवसाला लागायचा आणि वाढदिवसासाठी कुणी भट्टी थोडीच पेटवणार! मग प्रेशर कुकर. तळाला दोन बोटं रेती, वर जाळी, शिटी आणि रिंग काढलेली. रेती एकदा तापली की आच एकसारखी देते, गॅस थोडा वरखाली झाला तरी डगमगत नाही. भट्टीच्या विटा करायच्या तेच काम. 1970 साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं घराघरात वाटी-चमच्याचं माप पक्कं केलं होतं. आचेचं माप मात्र ज्या त्या घरचं.

पुढे ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन आला. झाकणाला काचेची खिडकी, तिच्यातून केक फुगताना बघायला आम्ही डोक्याला डोकं लावून बसायचो. त्याला बटण नव्हतं, काटा नव्हता. पिन लावली की चालू, काढली की बंद. काकू दर पाच मिनिटांनी पिन काढायच्या आणि पुन्हा लावायच्या. आजच्या ओव्हनमधला थर्मोस्टॅट हेच करतो, फक्त आतल्या आत. आणि एवढं करून "व माय, लाईन गेली!" वणीचा कोळसा जिल्ह्यातला, वीज चंद्रपूर-कोराडीची, म्हणजे विदर्भातलीच, आणि अंधारही आमच्याच वाट्याला. 2005 नंतरच्या भारनियमनात तर हा राग रोजचा झाला. लाईन असली तरी व्होल्टेज नसायचं. 230 चे 180 झाले तर कॉइलची आच पाऊण होत नाही, साठ टक्क्यांवर येते. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं घटते. संध्याकाळी सगळ्या गल्लीचे दिवे लागले की केक बसायचा, तो यामुळे. दोष मात्र सोड्याला.

आता आमच्याच घरांत ओटीजी आहे, कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आहे, आणि सुनेनं हौसेनं आणलेला एअर फ्रायर. कृती मोबाईलवर. तीत 350 लिहिलेलं बघून सासू घाबरते. तो अमेरिकी फॅरनहाइट. 32 वजा करा, पाचानं गुणा, नवानं भागा, 177 येतात, म्हणजे आपले 180. इंग्रजी पुस्तकातला गॅस मार्क 4 तोही हाच. हे 180 साध्या, पंखा नसलेल्या ओव्हनचे. पंखा असेल तर 20 कमी, म्हणजे 160.

पंख्यानं का कमी, हे आमच्या पिढीला वेगळं शिकवायला नको. मे महिन्यात पारा 44 वर असताना वारा पडला तर गच्चीवरच्या कुरडया दुपार ओलांडूनही ओलसर राहतात, आणि तेवढ्याच उन्हात वारा सुटला की कडकडीत. वारा कुरडईभोवतीची दमट हवा पळवतो. ओव्हनचा पंखा पदार्थाभोवतीची थंड हवा पळवतो.

एअर फ्रायर म्हणजे लहानसा, जोरदार पंख्याचा ओव्हन. फिलिप्सनं 2010 मध्ये तो बाजारात आणला तेव्हा तळणाची जाहिरात झाली, पण तो तळत नाही, भाजतो. पंख्याच्या ओव्हनपेक्षा आणखी दहाएक अंश कमी ठेवावेत आणि वेळ पाचव्या हिश्श्यानं. कॉइल डोक्यावर आणि जवळ, म्हणून केक वरून लाल होतो आणि सुरी घातली तर आत पीठ. वर फॉइल घट्ट बसवावी, नाहीतर पंखा ती उडवून कॉइलला चिकटवतो. आणि कृती मुळात एअर फ्रायरसाठीच लिहिलेली असेल तर काहीएक वजा करू नये. हुशार माणसं दोनदा वजाबाकी करतात आणि पांढरीफटक नानकटाई खातात.

राहता राहिले रोडगे. गोवऱ्यांचा जाळ बसला, लाल आर झाला की आधी उघड्या आरावर ते शेकायचे, कवच धरलं की फुपाट्यात पुरायचे. म्हणजे आधी चढी आच, मग मंद आणि लांबलचक. हा हिशेब एअर फ्रायरमध्येही जमतो: तेलाचा हात लावून आधी दहा मिनिटं 180, मग 150 वर, आतलं पीठ सुटेपर्यंत. धूर नाही, राख झटकणं नाही, बाकी ठीक. वांग्याची भाजी झणझणीत असली की चालून जातं. फक्त एका वेळी बसतात सहा, फार तर सात. नवसाची पंगत पन्नासाची असते, त्यामुळे त्या दिवशी गोवऱ्या घेऊन सगळ्यांनी वावरातच जायचं.