मिर्झा आणि जिवबा

जुन्या मराठी सिनेमाचा विषय निघाला की प्रभातचं नाव येतं, आणि प्रभात म्हटलं की ‘संत तुकाराम’. मग ‘कुंकू’, ‘माणूस’. ‘शेजारी’ मात्र बहुतेकांना गाण्यांपुरता आठवतो. आमच्या साताऱ्यात मी जुन्या पिढीतल्या दहाजणांना विचारलं असेल, गाणी सगळ्यांना पाठ. गोष्ट दोघातिघांनाच नीट सांगता आली. माझ्या मते मराठी मुसलमानाने आवर्जून बघावा असा हा सिनेमा आहे.

साल 1941. आदल्याच वर्षी मुस्लिम लीगने लाहोरचा ठराव केला होता. देशात हिंदू-मुसलमानांमध्ये भिंत उभी राहू लागली होती, त्या वेळी व्ही. शांतारामांनी विश्राम बेडेकरांच्या कथेवर हा सिनेमा काढला. एका गावात दोन म्हातारे दोस्त, जिवबा आणि मिर्झा. दोन्ही घरांचा एकमेकांत राबता. गावाजवळ धरण बांधू पाहणारा एक धनवान येतो. त्याला जमिनी हव्या असतात, आणि हे दोघे एकत्र आहेत तोवर त्या मिळणार नाहीत हे त्याला कळतं. मग कारस्थान, संशय, अबोला. शेवटी धरण फुटतं आणि त्या पाण्यात दोघे दोस्त हातात हात घेऊन जातात.

मराठीत जिवबा झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. याच सिनेमाची हिंदी आवृत्ती म्हणजे ‘पडोसी’. तिथे मिर्झा जागीरदारच आहेत. पण त्यांच्या हिंदू दोस्ताचं, ठाकूरचं काम केलंय मझहर खान यांनी. म्हणजे हिंदू नट मुसलमान झालाय आणि मुसलमान नट हिंदू. पडद्यावर हे जाणवतही नाही. आज अशी अदलाबदल कुणी केली तर सिनेमा लागायच्या आधी मोबाइलवर काय काय फिरेल, ते सांगायची गरज नाही.

मला या सिनेमात सगळ्यात भावतो तो मिर्झाचा साधेपणा. तो नवाब नाही, शायर नाही, कव्वाल नाही, गुंडही नाही. तो गावकरी आहे. आमच्या सातारा-सांगलीकडचा मुसलमान असाच आहे. कुणी मुलाणी, कुणी शिकलगार, तांबोळी, अत्तार, नदाफ, मुजावर. घरात दखनी बोलतो आणि उंबऱ्याबाहेर आला की अस्सल इथली मराठी. कडेगावच्या मोहरमचे उंच ताबूत बघायला गेलात तर उचलणाऱ्यांत नि बघणाऱ्यांत हिंदू किती, मुसलमान किती हे कुणाला मोजता यायचं नाही. हा माणूस मराठी सिनेमात पुढे फारसा दिसलाच नाही. दिसला तर मोडकंतोडकं मराठी बोलून हसवण्यापुरता. मिर्झा बघताना माझे नाना आठवतात ते म्हणूनच.

पुढे तीनच वर्षांनी, 1944 साली, प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला. रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचे, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचे. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर देहांत प्रायश्चित्त सांगणारा हा न्यायाधीश पडद्यावर उभा केला तो याच गजानन जागीरदारांनी. मिर्झाची दाढी लावलेला माणूस माहुलीचा शास्त्री झाला आणि दोन्हीकडे तितकाच खरा वाटला. दोन्ही सिनेमे लागोपाठ बघा, मी काय म्हणतो ते कळेल.

तिसरा सिनेमा ‘सामना’, 1975 चा. तो दुर्लक्षित म्हणता येणार नाही, पण आजच्या पोरांनी तो बघितलेला नसतो. डॉ. जब्बार पटेलांचा हा पहिला चित्रपट. लेखन विजय तेंडुलकरांचं. साखरपट्ट्यातला एक सत्ताधीश, म्हणजे निळू फुले, आणि गावात अचानक आलेला दारूडा मास्तर, म्हणजे आमच्या साताऱ्यात जन्मलेले डॉ. श्रीराम लागू. गावातून नाहीसा झालेल्या एका माणसाचं काय झालं, एवढंच तो मास्तर विचारत राहतो. सिनेमात मुसलमानांचा प्रश्न कुठेच नाही. उसाच्या पट्ट्यातल्या सत्तेचा प्रश्न जब्बार नावाचा पंढरपूरचा माणूस मांडतो, कारण हा मुलूख त्याचाही आहे. ‘तुम्ही मुसलमानांवरच बोला’ असं आम्हाला सांगणाऱ्यांसाठी हे उत्तर पुरेसं आहे.

आता ‘शेजारी’बद्दलची माझी एक तक्रार. त्यात भांडण लावणारा बाहेरून येतो आणि गाव मुळात निर्मळ असतं. आपल्याकडे तसं राहिलेलं नाही. 2009 च्या गणेशोत्सवात मिरजेत कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली. 2023 च्या सप्टेंबरात खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत मोबाइलवरच्या पोस्टवरून जमाव मशिदीत घुसला आणि एका तरुणाचा जीव गेला. पोस्ट पुढे पाठवायला कुणाला बाहेरून यावं लागत नाही. ते काम आपल्याच गल्लीतला पोरगा करतो, आणि आपल्यातलाही करतो. धरणवाला खलनायक दाखवणं सोपं होतं. आज हा सिनेमा काढायचा तर तो शोधायला ओट्याखाली बघावं लागेल.

तरीही मी ‘शेजारी’ पुन्हा पुन्हा बघतो. त्यातला अबोला फार खरा आहे. दंगल दोन दिवसांत विझते. पण नंतर ईदचा शीरखुर्मा न्यायचा की नाही, दिवाळीचा फराळ येईल की नाही, या विचारात जी दारं अर्धी उघडी राहतात, त्यांचं दुखणं वर्षानुवर्षं चालतं. 2019 च्या महापुरात माझ्या सांगलीच्या खालाच्या गल्लीत छातीएवढं पाणी होतं. तिला बोटीत ज्यांनी बसवलं, त्यांच्याशी तिचं कित्येक महिने बोलणं नव्हतं. त्या दिवसापासून पुन्हा सुरू झालं. खाला सिनेमा बघत नाही. मी तिला ‘शेजारी’चा शेवट सांगितला तर म्हणाली, “बोलायला पाणी यायची वाट कशाला बघायची?”

इंटरनेटवर हे सिनेमे सापडतात. प्रिंट धुरकट आहे, आवाज खरखरतो. जमलं तर शेजाऱ्यांना बोलवून बघा.