ट्रेलरवरच्या होडीला रंग कोणता?

एप्रिल संपत आला की लेक सेंट क्लेअरच्या काठावरच्या होड्यांच्या यार्डात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय असतो: तळाला काय लावायचं? मिशिगनच्या हिवाळ्यात तळी गोठतात, होड्या जमिनीवर येतात आणि मे महिन्यात पाण्यात उतरण्याआधी त्यांच्या पोटाखाली शिरून माणसं घासत, पुसत, रंगवत बसलेली दिसतात. माझा मावसभाऊ या मंडळींत सामील झाला, तेव्हा मदतनीस म्हणून माझी नेमणूक झाली. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. नोकरी मोटारींच्या कारखान्यात, त्यामुळे रंग, गंज आणि अस्तर यांवर आपल्याला कुणी शिकवू नये असं त्याचं ठाम मत.

होडी जुनी, कॅटलिना 22. अमेरिकेत शिडाच्या छोट्या होड्यांचा विषय निघाला की हे नाव येतंच. फ्रँक बटलर यांच्या कॅटलिना यॉट्सने 1969 मध्ये ती बाजारात आणली आणि पुढे पंधरा हजारांहून जास्त होड्या बांधल्या. लांबी साडेएकवीस फूट, वजन टनभर, आणि तळाखाली सुमारे अडीचशे किलोचा बिडाचा कील, म्हणजे होडीला तोल देणारं जड पातं. हा कील एका खिळीवर फिरतो. विंचने वर ओढला की होडीला दोन फूट पाणी पुरतं, खाली सोडला की पाच फूट लागतं. म्हणून ती ट्रेलरवर बसू शकते, घरासमोर उभी राहू शकते आणि शनिवारी सकाळी गाडीमागे लावून रॅम्पवरून पाण्यात सोडता येते.

आधीच्या मालकाने तळाला निळा रंग दिलेला होता. कोणता, ते सांगायला कागद नव्हता. ओलं फडकं फिरवलं की निळं होई आणि ट्रेलरच्या ज्या गालिचा लावलेल्या फळ्यांवर होडी टेकते, त्यांच्यावरही निळे पट्टे उमटलेले. यार्डातल्या एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने लांबूनच निदान केलं: हा झिजणारा रंग.

होडीच्या तळाचे रंग समजून घ्यायचे तर आधी हे झिजणं समजायला हवं. पाण्यात बुडलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर आधी बुळबुळीत थर चढतो, मग शेवाळ धरतं, त्यावर शिंपल्यांची वस्ती होते. याला आळा घालायला रंगात तांब्याचं संयुग मिसळतात, बहुतेक वेळा क्युप्रस ऑक्साइड. काही डब्यांत वजनाचा निम्म्याहून जास्त भाग तेच असतं. झिजणाऱ्या रंगाचा पापुद्रा पाण्यात हळूहळू विरतो आणि आतलं ताजं तांबं उघडं पडत राहतं. होडी बाहेर काढून वाळवली तरी त्याचा गुण जात नाही, पुन्हा पाण्यात गेली की काम सुरू. कडक रंगाची गोष्ट वेगळी. तो झिजत नाही, त्याच्या बारीक छिद्रांतून तांबं पाझरतं. घासून गुळगुळीत करता येतो, पण फार काळ कोरडा राहिला तर पाझरणं मंदावतं आणि वर्षागणिक हातावर हात चढत जाऊन जाड पोपडे धरतात. तिसरा प्रकार ग्रेट लेक्सच्या गोड्या पाण्यात बरीच वर्षं लाडका आहे: तांब्याची पूड आयत्या वेळी मिसळून लावायचा, कागदाहूनही पातळ थराचा रंग. मिनिटांत सुकतो आणि वेगाच्या वेड्यांना आवडतो.

आणि चौथा प्रकार म्हणजे तांबं नकोच. एकतर फायबरग्लासवरचा मूळ चकचकीत थर, म्हणजे जेलकोट, तसाच ठेवायचा, नाहीतर इपॉक्सीचे हात देऊन तळ पांढरा, टणक, गुळगुळीत करायचा आणि धुऊन-पुसून ठेवायचा. ज्या होड्या शर्यतीपुरत्या पाण्यात उतरतात आणि संध्याकाळी बाहेर येतात, त्यांच्यासाठी इंटरलक्स या रंगकंपनीचं व्हीसी परफॉर्मन्स इपॉक्सी यासारखे रंग मुद्दाम बनवले जातात.

दुकानातल्या माणसाने दादाला पहिला प्रश्न विचारला, "होडी कुठे नेणार?" दादा खुलला. लेक ह्युरॉनमधले नॉर्थ चॅनेल, जॉर्जियन बे, महिना-महिना मुक्काम, बेटाबेटांवर नांगर. दुकानदाराने मान डोलावत सगळ्यांत महाग डबा पुढे केला. वहिनी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "तू सांगतोयस त्या होडीला रंग लावायचाय, की आपल्या दारात उभी असते तिला?"

तळाच्या रंगाबद्दल त्यानंतर मी जे काही वाचलं, त्यात इतकं नेमकं वाक्य सापडलं नाही. रंगाची निवड होडीच्या जातीवर, किमतीवर, मालकाच्या स्वप्नांवर ठरत नाही. होडी सलग किती रात्री पाण्यात राहते, यावर ठरते. दादाची होडी हंगामभर शनिवार-रविवार पाण्यात उतरायची, बाकी दिवस ट्रेलरवर सुकायची. जुलैतल्या सुट्टीत काय ती जेट्टीला बांधून राहायची. म्हणजे शेवाळाने मूळ धरायच्या आतच ती उन्हात. कोकणात पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारतात, तेव्हा त्यांचा तळही असाच वाळतो आणि खरवडून स्वच्छ होतो. ट्रेलर हेच दादाच्या होडीचं शेवाळरोधक होतं आणि त्याचे पैसे आधीच भरून झाले होते.

तरी दादा सहज मानणाऱ्यांतला नाही. त्याचं म्हणणं, तांबं असलेलं बरं, नुकसान काय? नुकसान आहे. एक म्हणजे झिजणारा रंग मऊ. टनभराची होडी दर आठवड्याला फळ्यांवर चढते-उतरते, तिथे तो खरवडला जातो. कपड्यांना, हातांना, दोराला लागतो. दुसरं नुकसान त्या बिडाच्या कीलचं, आणि त्याची गोष्ट फार जुनी आहे.

1761 मध्ये ब्रिटिश आरमाराने अलार्म नावाच्या युद्धनौकेच्या लाकडी तळावर प्रयोग म्हणून तांब्याचे पत्रे ठोकले. वेस्ट इंडीजची सफर करून ती परतली तेव्हा तळ बऱ्यापैकी स्वच्छ, पण पत्रे जागोजागी सुटलेले. ज्या लोखंडी खिळ्यांनी ते ठोकले होते, ते गळून गेले होते. काही खिळे मात्र शाबूत. बघितलं तर तिथे पत्र्यांच्या वेष्टनाचा तपकिरी कागद खिळ्याच्या डोक्याखाली अडकून राहिला होता. तांबं आणि लोखंड यांच्यात तेवढाच आडपडदा, पण त्याने खिळा वाचवला. कारण पुढे उलगडलं: दोन धातू पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले की त्यांच्यात वीज वाहू लागते आणि त्यातला कमी दर्जाचा धातू झिजतो. सर हम्फ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये हेच तत्त्व उलटं वापरलं. तांबं वाचवायला त्याला लोखंडाचे ठोकळे जोडले. तांबं वाचलं, पण विरघळेनासं झालं आणि त्यावर शिंपले बिनधास्त वाढले. तांब्याला झिजू दिलं तरच ते शेवाळाला मारतं, हा धडा तेव्हाच मिळाला.

ही गोष्ट मी दादाला सांगितली. मोटारवाला माणूस, त्याला गंजाची भाषा लगेच कळते. उघड्या बिडावर तांब्याचा रंग थेट फासणं म्हणजे अलार्मचे खिळे पुन्हा ठोकणं. आधीच्या मालकाने नेमकं तेच केलं होतं. कीलवर निळ्या रंगाखाली गंजाचे फोड आले होते, बोटाने दाबले की पापुद्रा सुटायचा. तांब्याचा रंग लावायचाच असेल तर मध्ये इपॉक्सीचे भरपूर हात हवेत, त्या तपकिरी कागदासारखे. आउटबोर्ड इंजिनाचा ॲल्युमिनियमचा पाय तर अशा रंगाने रंगवूच नये. तिथे तांबं ॲल्युमिनियमला खातं.

तांब्याहून जहाल औषधंही होऊन गेली. ट्रायब्युटिल टिन मिसळलेले रंग वर्षानुवर्षं तळ स्वच्छ ठेवत. पण फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरातल्या कालवांचे शिंपले वेडेवाकडे होऊ लागले आणि 1982 मध्ये फ्रान्सने पंचवीस मीटरपेक्षा लहान होड्यांवर त्याला बंदी घातली. ब्रिटनने 1987 मध्ये, अमेरिकेने 1988 मध्ये बंधनं आणली, आणि 2008 पासून जगभरच्या जहाजांना लागू होणारा करार अमलात आला. तांब्यावरही आता नजर आहे. कॅलिफोर्नियाने 2018 पासून रंगातून किती तांबं पाझरावं याला मर्यादा घातली आहे. ज्या होडीला गरज नाही तिला उगाच विष का लावावं, हा वहिनीचा मुद्दा दादाने शेवटी मान्य केला.

मग सुरू झालं घासकाम. जुना रंग कोरडा घासायचा नाही, कारण तांब्याची धूळ फुफ्फुसात जाणं वाईट. ओला पॉलिश पेपर, चांगला मास्क, हातमोजे, खाली ताडपत्री, आणि निघालेला निळा गाळ गोळा करून रीतसर टाकायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यात काव्य शोधू नये. खरी अडचण पुढेच होती. ट्रेलरवर होडी असताना फळ्यांखालचा भाग हाताला लागत नाही आणि कील तर खाली सोडताच येत नाही. लोक इथे जॅक आणि लाकडी ठोकळ्यांचे खेळ करतात. दादाने पैसे मोजून यार्डाची क्रेन घेतली. पट्ट्यांमध्ये होडी उचलून धरली, कील खाली सोडला आणि त्याच्या टोकाखाली भक्कम ठोकळे दिले. केबलवर लोंबकळणाऱ्या अडीचशे किलोच्या बिडाखाली डोकं घालायचं नाही, हे तिथल्या फोरमनने सगळ्यांना बजावलं.

कील चकचकीत होईपर्यंत घासला की त्याच दिवशी इपॉक्सी चढवावं लागतं. उघडं बीड दमट हवेत काही तासांतच लालसर होतं. फायबरग्लासच्या तळाला मात्र घाई चालत नाही. आधी तो कोरडा आहे ना, ते पाहायचं. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आतून दव धरलं, तर ओल अजून आहे. ही ओलच पुढे नडते. होडी महिनोन् महिने पाण्यात राहिली की जेलकोटमधून पाणी आत झिरपतं, आतल्या रसायनांशी मिसळून आंबट वासाचा द्रव बनतो आणि तळावर फोड येतात. दादाच्या तळावर मोजकेच फोड होते. ते उघडून, धुऊन, सुकवून इपॉक्सीची लांबी भरली. वर दोन घटकांच्या इपॉक्सी अस्तराचे हात रोलरने दिले. एका हाताचा रंग राखाडी, पुढच्याचा पांढरा, म्हणजे कुठे सुटलं ते डोळ्यांना दिसतं. हवा दहा अंश सेल्सियसच्या वर असायला हवी, आणि मिशिगनच्या मे महिन्यात त्यासाठी दुपारची वाट पाहावी लागते.

इथे एक खुबी सांगण्यासारखी आहे. या अस्तरावर तांब्याचा रंग द्यायचा असेल तर शेवटचा हात पुरता सुकू द्यायचा नाही. अंगठा टेकवल्यावर ठसा उमटावा, पण रंग अंगठ्याला लागू नये, त्या क्षणी पुढचा हात मारायचा. दोन्ही थर एकमेकांना धरून बसतात. दादाने ती वेळ मुद्दाम जाऊ दिली. कडक झालेला पांढरा तळ बारीक पेपरने ओला घासला आणि तिथेच थांबला.

त्या हंगामात निकाल काय लागला? शनिवार-रविवारच्या फेऱ्यांनंतर तळ साध्या स्पंजने स्वच्छ व्हायचा. जुलैत होडी जेट्टीला राहिली तेव्हा पातळ बुळबुळीत थर चढला, तोही पाण्यात उतरून हाताने निघाला. पाण्याच्या रेषेवर चहासारखा पिवळट डाग राहिला, त्यावर ऑक्झॅलिक आम्लाचं क्लीनर चाललं. पांढऱ्या तळावर डाग दिसतात, हा या निवडीचा खरा तोटा, आणि टापटिपीच्या माणसाला तो जाचतो. कील ज्या खाचेत वर जातो ती खाच मात्र कुठल्याच रंगाने सुटत नाही. तिथे स्पंज पोचत नाही, पाणवनस्पती अडकते आणि ओल टिकून राहते.

ही खाच केवळ दादाची डोकेदुखी नाही. उत्तर अमेरिकेत झेब्रा शिंपले पहिल्यांदा सापडले ते याच लेक सेंट क्लेअरमध्ये, 1988 साली. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि मोठे शिंपले पाण्याबाहेरही काही दिवस जगतात. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात त्यांना नेणारं सगळ्यांत सोयीचं वाहन म्हणजे ट्रेलरवरची होडी. म्हणून मिशिगनमध्ये 2019 पासून होडी रस्त्यावर नेण्याआधी बुचं काढून सगळं पाणी सोडणं कायद्याने बंधनकारक आहे.

तेव्हा छोटी होडी घेणाऱ्यांनो, रंगाच्या डब्याकडे हात नेण्याआधी मागच्या हंगामात होडी सलग किती रात्री पाण्यात होती ते आठवा. महिनाभर किंवा जास्त असेल तर अस्तरावर झिजणारा रंग घ्या. शनिवार-रविवारची होडी असेल तर अस्तर पुरे. आणि रंग कोणताही असो, रॅम्पवरून निघण्याआधी कीलच्या खाचेत नळीने भरपूर पाणी मारा, अडकलेली वनस्पती ओढून काढा आणि होडी पुरती वाळल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात सोडू नका.