तळोज्याची द्वादशी

तळोज्याला मुद्दाम म्हणून कोणी जात नाही. माथेरानला जातात, अलिबागला जातात, गेला बाजार कर्नाळ्याचे पक्षी पाहायला जातात. तळोज्याला जायचे ते कारखान्यात नोकरी असेल म्हणून, सिडकोच्या सोडतीत घर लागले म्हणून, नाहीतर तिथल्या मध्यवर्ती कारागृहात आपले कोणी असेल म्हणून. त्यामुळे "मामा, आपल्याला तळोज्याला जायचंय," असे भाचीने फोनवर सांगितले तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो, "कोणाला पकडलं?" असा.

कोणाला पकडले नव्हते. भाची शिकते त्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी चालवलेले एक दूरचित्रवाणी केंद्र आहे. केंद्र हा शब्द जरा मोठाच झाला. तळमजल्यावरची एक खोली, भिंतींना चिकटवलेला काळा फोम, दोन कॅमेरे आणि त्यांतला एक कायमचा दुखणाईत. पंधरवड्याला बारा मिनिटांचा एक कार्यक्रम तयार होतो आणि तो महाविद्यालयाच्या सभागृहात दाखवला जातो. या वेळचा विषय होता खाडीवर अजून जाळे टाकणारे एक म्हातारे कोळी. भाची या कार्यक्रमाची निर्मिती-व्यवस्थापक. मी तरुणपणी या विद्येशी थोडा खेळलो होतो, म्हणून मला सल्लागार नेमण्यात आले. माझ्या गाडीत पाच माणसे आणि सगळे सामान मावते हे नेमणुकीचे खरे कारण मला नंतर कळले.

आधी एकदा जागा पाहून यायची होती. चित्रपटवाले याला रेकी म्हणतात. आम्ही दोघे बेलापूरहून मेट्रोने निघालो. ही मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून लोकांसाठी सुरू झाली. बेलापूर ते पेंधर, अकरा किलोमीटर आणि अकरा स्थानके. खारघरपर्यंत दोन्ही बाजूंना उंच इमारती तुमच्या बरोबरीने धावतात. पुढे त्यांच्यामधली अंतरे वाढत जातात, मधूनच एखादे जुने गाव कौले आणि देवळाचा कळस घेऊन उभे राहते, आणि पेंधरला उतरलात की वाऱ्याबरोबर एक आंबूस, रसायनी वास येऊन सांगतो की आपण पोचलो. 

गावाची नावे मोठी गमतीची आहेत. एक तळोजे पाचनंद, आणि एक तळोजे मजकूर. मजकूर म्हणजे दप्तरी भाषेत 'वर सांगितलेले', 'सदरहू'. पण भाचीला मजकूर म्हणजे संहिता एवढेच ठाऊक. "मामा, ज्या गावाच्या नावातच स्क्रिप्ट आहे तिथे आपल्याला स्क्रिप्ट लिहायची गरजच नाही," ती म्हणाली. मी तिला महसुली अर्थ समजावून दिला. तिने तो ऐकून घेतला आणि दुर्लक्षिला.

दिवा-पनवेल लोहमार्ग तळोज्यावरून जातो आणि त्यावर मालगाड्यांचा राबता फार. भाची रुळांपासून थोड्या अंतरावर एका दगडावर बसली आणि तासभर नुसती वही घेऊन गाड्या टिपत राहिली. किती वाजता आली, किती वेळ आवाज राहिला. मला वाटले होते की ही पोर प्रकाश पाहील, चौकट पाहील, दोन्ही हातांची बोटे जोडून डोळ्यांसमोर धरील. तसे काही नाही. ट्रकचा रस्ता किती लांब, जवळ पंप आहे का, कुत्री किती, सावली कुठे सरकते, मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे, चहा कुठे मिळतो, गाडी कुठे लावायची, हे सारे तिने लिहून घेतले. कारखान्यांच्या फाटकाजवळ आणि तुरुंगाच्या बाजूला कॅमेरा काढायचा नाही, हे त्या पानावर लाल शाईने.

मग म्हातारबांकडे गेलो. भाचीने त्यांना सकाळी सातची वेळ सुचवली. उजेड कोवळा असतो, रहदारी कमी असते. म्हातारबा हसले. "दवादशीला या," म्हणाले. "नऊची भरती."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. मग त्यांनी बोटांवर हिशेब करून दाखवला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पुस्तकात मीही वाचला होता, पण कोणी मला बोटांवर करून दाखवला नव्हता. भाचीने लगेच नऊ वाजता असे लिहिले, तेव्हा म्हातारबांनी तिची वही हातानेच झाकली. "ती भरती बंदरावरची. आमचे खारीन पानी चराला येल लागतं." समुद्रापासून खाडी आत वळत जाते, तसे पाणी चढायला उशीर होतो. साडेनऊच्या सुमारास होडी काठाला लागेल, मासळी निवडायला आणि सून बाजाराला निघायला अर्धा तास, तेवढा वेळ तुमचा. आणि हे एकदाच. पुन्हा पुन्हा बोलायला लावायचे नाही.

ही अट का, तेही त्यांनी सांगितले. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याची निळी कुत्री साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांत आली होती, आठवते ना? कारखान्यातल्या रंगाने भटक्या कुत्र्यांची अंगे निळी झाली, छायाचित्रे दूरदेशी पोचली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. त्या दिवसांत कॅमेरे घेऊन पुष्कळ माणसे आली होती. म्हातारबांना त्यांनी उभे केले, इकडून बोला, तिकडून बोला, पुन्हा बोला असे तीन तीनदा बोलायला लावले, आणि सगळे विचारले ते कुत्र्यांविषयी. खाडीतल्या मासळीचे काय झाले हे कोणी विचारले नाही. कासाडी नदीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. पण म्हातारबांच्या हिशेबी जिताडा जायला लागला तो त्याच्या कितीतरी आधी.

परतताना मेट्रोत भाची गप्प होती. "तीस मिनिटं, आणि एकदाच," एवढेच एकदा म्हणाली. तेव्हा मी तिला माझी जुनी गोष्ट सांगितली. ती मी सहसा सांगत नाही.

आमच्या पिढीला दूरचित्रवाणीचे अप्रूप होते. दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी ती सुरू झाली आणि पुढे पु. ल. देशपांड्यांसारखा माणूस तिथे कामाला होता हे मोठी माणसे आम्हाला अभिमानाने सांगत. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, तेव्हा आमच्या चाळीत एका बिऱ्हाडी संच आला आणि त्या बिऱ्हाडाची रया गेली. १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण दिल्लीहून पुण्याला, जुन्या प्रभातच्या आवारातल्या संस्थेत आले. मला तिथे प्रवेश मिळाला नाही. मी शिकलो ते दुसऱ्याच एका संस्थेत, आणि तिचे नाव इथे सांगण्याची गरज नाही, कारण चूक आमची होती.

१९८२ साल. पाऊण इंची फितीची यू-मॅटिक यंत्रे तेव्हा नवलाची होती. कॅमेरा एकाच्या खांद्यावर, ध्वनिचित्रमुद्रणाचे यंत्र दुसऱ्याच्या खांद्याला अडकवलेले, आणि दोघांमध्ये नाळेसारखी एक जाड केबल. बाहेर नेण्याच्या कॅसेटवर वीस मिनिटे मावत. भोर तालुक्यातल्या एका खेड्यात आम्ही चौघे एका आजीबाईंच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित करायला गेलो. आजी पहाटे दळायला बसल्या आणि वीस मिनिटे गात राहिल्या. मधे त्यांना आपल्या गेलेल्या लेकीची आठवण झाली आणि जाते थांबले, मग पुन्हा सुरू झाले. आम्ही श्वास रोखून उभे होतो. परत येऊन कॅसेट लावली तर कोरी. यंत्र सज्ज होते, फीत चढवलेली होती, पण विरामाची कळ सोडायची राहिली होती. चौघांपैकी प्रत्येकाला वाटले होते की दुसऱ्याने पाहिले आहे. दोन महिन्यांनी पुन्हा गेलो. आजी नव्हत्या.

भाची काही बोलली नाही. नंतर कळले की तिने त्या रात्री वहीत एक नवे पान सुरू केले. त्यावर कामे नव्हती, माणसांची नावे होती. प्रत्येक गोष्टीपुढे एकाच माणसाचे नाव. बॅटऱ्या कोणी भारायच्या, कार्डांवर क्रमांक कोणी चिकटवायचे, मुद्रण सुरू झाले हे कोणी मोठ्याने म्हणायचे. 'सर्वांनी लक्ष ठेवणे' हा शब्दप्रयोग त्या पानावर कुठेही नव्हता.

द्वादशीला पहाटे साडेपाचला आम्ही बेलापूरला जमलो. भारलेल्या सहा बॅटऱ्या, तीन कार्डे, दोन केबली, बसायला गोणपाट (प्लॅस्टिकची खुर्ची करकरते), एक छत्री, चहाचा थर्मास आणि पोह्यांचा डबा. या पोह्यांवरून आदल्या दिवशी मोठा वाद झाला होता म्हणे. दिग्दर्शक मुलाचे म्हणणे, कलेच्या कामात डबे कशाला. भाचीचे म्हणणे, नऊ वाजता भुकेने तुझी चिडचिड सुरू होते. ती मी मागच्या कार्यक्रमात पाहिली आहे. पोहे आले.

काठावर पोचलो तेव्हा चिखल उघडा होता आणि त्यावर निवट्या उड्या मारीत होत्या. पाणी कुठे तरी दूर चकाकत होते. मुलांनी सामान मांडले. सगळ्यांचे फोन बंद करून पोह्यांच्या रिकाम्या डब्यात गेले, माझाही. माइकला वारा लागू नये म्हणून केसाळ टोपडे घालतात, त्याला ही मुले मांजर म्हणतात. कोळ्याच्या काठावर मांजर घेऊन आल्याबद्दल शेजारच्या बायकांनी पुष्कळ हसून घेतले, आणि त्या हसण्याने मुलांचे अवघडलेपण निम्मे गेले.

पाणी हळूहळू चढत आले. चिखल आधी रेघारेघांनी, मग सगळाच नाहीसा झाला. नऊ पस्तीसला होडी वळणावर दिसली.

म्हातारबा गोणपाटावर बसले. त्यांच्या गळ्यातल्या पंचाला छोटा माइक लावला. मुलाखत घेणारी मुलगी प्रश्न विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात भाचीने हात वर केला. "काका, आज न्याहारीला काय खाल्लं?"

"भाकर न सुकट," म्हातारबा म्हणाले.

"थांबा," ती म्हणाली, आणि तेवढेच चार शब्द परत लावून पाहिले. ध्वनीवाल्या मुलाचा चेहरा उतरला. कर्णयंत्र तिने मला दिले. भाकरीच्या आधी कर्रर्, सुकटीच्या नंतर कर्रर्. केबल आतून तुटली होती. बाहेरून काही दिसत नव्हते, काटा हलत होता, दिवा लागत होता. घरी जाऊन कळले असते.

नऊ बेचाळीस. दिग्दर्शक म्हणाला, असंच घेऊ, नंतर साफ करता येईल. आता यंत्रे बरेच काही साफ करतात हे खरे आहे. पण भाची दुसरी केबल आधीच सोडवत होती. म्हातारबा मासळीच्या टोपलीकडे बघत होते. सून उभी होती, निघायच्या घाईत, पण काही बोलली नाही. पुन्हा विचारले, न्याहारीला काय खाल्लं. "आता सांगितला ना," म्हातारबा म्हणाले, आणि हे मात्र स्वच्छ ऐकू आले. ध्वनीवाला मोठ्याने म्हणाला, "आवाज चालू." कॅमेरावाली म्हणाली, "चित्र चालू." मग प्रश्न.

ते काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. मुलांचा कार्यक्रम आहे, त्यांनीच दाखवावा. जिताड्याविषयी बोलले एवढे सांगतो. पूर्वी केवढाले जिताडे जाळ्यात येत, लेकीच्या सासरी तो कसा पाठवत, घरी परत नेला तर बायको काय म्हणे. बोईट, चिंबोरी, कोळंबी. कोणत्या साली कोणती मासळी शेवटची पाहिली हे त्यांना घरातल्या लग्नांवरून आठवत होते. थोरल्याच्या लग्नात होती, धाकटीच्या लग्नात नव्हती.

मधेच मालगाडी आली. वहीत ही वेळ नव्हती. मालगाड्यांना वही ठाऊक नसते. मुलाखत घेणारी गोंधळली, तिने भाचीकडे पाहिले. भाचीने तळवा खाली दाबल्यासारखा केला. थांब, पण काही बोलू नकोस. म्हातारबांनी स्वतःच बोलणे सोडले, पंचाने कपाळ पुसले, आणि शेवटचा डबा गेल्यावर अर्ध्या राहिलेल्या वाक्यापासून पुढे सुरू केले. रुळांशेजारी जन्म गेलेला माणूस. त्याला संकलन शिकवायला नको.

दहा अकराला ते उठले. पण भाचीने आणखी अर्धे मिनिट मागितले, कोणी काही न बोलता. जागेचा नुसता आवाज घ्यायचा असतो, दोन वाक्ये जोडताना मध्ये भरायला. सगळे उभ्या जागी गप्प. पाण्याचा काठाला लागणारा आवाज, दूर कारखान्यात काही तरी सतत घुमत असलेले, होडीचा दोर ताणला जाणे, आणि टोपलीत एक मासा अजून तडफडत होता. सुनेने टोपली उचलली नाही, अर्धे मिनिट पुरे होईपर्यंत थांबली.

मग कार्ड संगणकात उतरवले, तिथून दुसऱ्या डिस्कवर, आणि दोन्ही ठिकाणी सुरुवात, मध्य, शेवट लावून पाहिले. तोवर कोणी सामान आवरायचे नाही. ऊन चढले होते, दिग्दर्शकाची चिडचिड सुरू झाली, त्याला पोहे देण्यात आले. म्हातारबा निघून न जाता बघत उभे होते.

"आलं का?" त्यांनी विचारले.

भाचीने कर्णयंत्र त्यांच्या कानांवर ठेवले. ते बराच वेळ ऐकत राहिले, डोळे खाडीकडे. मालगाडीच्या जागी आले तेव्हा मान हलली. मग एक कान मोकळा करून त्यांनी सुनेला हाक मारली आणि भाचीला म्हणाले, "धाकटीच्या लग्नाचा लाव पुन्हा. हिला ऐकू दे."