ऑगस्ट नको, फेब्रुवारीत ये

सखे,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज मी गवार मोडता मोडता ऐकला. मसाई मारा, सेरेंगेटी, न्गोरोंगोरो, अंबोसेली, मध्येच बलूनमधून सूर्योदय आणि शेवटी झांझिबारचा समुद्र, एवढं सगळं तू एका आठवड्यात बसवलंस आणि वर म्हणालीस, 'पण बाई, कमी पैशांत हं!' तुला सांगते, गवार बाजूला ठेवून मी हसत बसले. एसटीच्या 'आवडेल तेथे प्रवास' पासावर चार दिवसांत अख्खा महाराष्ट्र उरकायला निघालेली मुलगी अजून जशीच्या तशी आहे. लंडनच्या इतक्या हिवाळ्यांनी तिचं काहीही वाकडं केलेलं नाही.

इकडे जेवणाच्या टेबलावर केनियाचा नकाशा पसरलाय तो उचलला जातच नाही. लेकानं चार कागद चिकटवून मोठा करून दिला. आता त्यावरच पोळ्या लाटायच्या का, असं सासूबाई विचारतात आणि मग स्वतःच चष्मा लावून 'हे नैवाशा कुठे आलं गं?' म्हणून बोट फिरवत बसतात. ह्यांचं म्हणणं, ताडोबा काय वाईट आहे? वाईट काहीच नाही. पण ताडोबा मी तुझ्याशिवाय पाहिलं, भिशीचे पैसे दर महिन्याला बाजूला टाकले ते तुझ्याबरोबर कुठेतरी जायचं म्हणून. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, लंडनहूनही आहे. दोघींनी आपापल्या बाजूने निघायचं आणि मधे भेटायचं, याहून छान काय असणार!

आता महिन्याचं बोलू, कारण सगळी मेख तिथेच आहे. तुला ऑगस्ट हवा, कारण तुला नदी ओलांडणारे विल्डबीस्ट बघायचेत. मलाही आवडतील, खोटं कशाला बोलू. पण मारात परदेशी माणसाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर फी पडते, आणि १ जुलै उजाडला की तीच फी २०० डॉलर होते, ती थेट डिसेंबर संपेपर्यंत. तेच गवत, तेच सिंह आणि पैसे दुप्पट. त्यात तंबूंचे भाव चढलेले आणि नदीकाठी गाड्यांची ही रांग. कळप तासन्‌तास काठावर उभा राहतो आणि कधी कधी एकही जनावर पाण्यात न उतरता सगळे माघारी फिरतात. तुझा धीर मला ठाऊक आहे. तू गाडीतूनच ओरडशील, 'अरे उतरा ना आता!'

फेब्रुवारी म्हणजे तिकडच्या दोन पावसांमधली उघडीप. नोव्हेंबर-डिसेंबरचा छोटा पाऊस संपलेला असतो, मार्च ते मेचा मोठा पाऊस अजून यायचा असतो. विल्डबीस्टचे मोठे कळप तेव्हा दूर दक्षिणेला, टांझानियात न्दुतूच्या माळावर वीत असतात, ते मात्र आपल्याला दिसणार नाहीत. पण सिंह काही त्यांच्या मागे देश सोडून जात नाहीत. त्यांचे इलाखे ठरलेले. झेब्रे, जिराफ, टोपी नावाची हरणं, रानम्हशी आणि हत्ती तर बारा महिने तिथेच. आणि फेब्रुवारीत तुझ्या शाळेला ती मधली आठवड्याची सुट्टी असते, जिच्यात तू दरवर्षी कपाटं आवरते म्हणतेस आणि आवरत नाहीस. त्या कपाटांना आणखी एक वर्ष तसंच राहू दे.

बारकावे ऐक, यात मला फार मजा येतेय. माराचं तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, असं बारा तासांचं. स्वस्तातले तंबू सेकेनानी आणि तालेक या फाटकांच्या बाहेर आहेत. बाहेर राहिलं की रोज नवं तिकीट. आता सगळ्या टूरवाल्यांच्या कार्यक्रमात पहिल्या दिवशी दुपारची फेरी घातलेली असते. नैरोबीहून पाच-सहा तास गाडीत हाडं खिळखिळी करून यायचं आणि चारला आत शिरून सहाला बाहेर पडायचं. दोन तासांसाठी १०० डॉलर! मी ती फेरीच काढून टाकली. त्या संध्याकाळी आपण तालेक गावात चहा पिऊ, बाजार बघू, लवकर झोपू. आणि मग पुढचे दोन दिवस उजाडताना फाटकावर हजर, डबा बरोबर, संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या बेतात बाहेर. ताडोबात सकाळची फेरी संपली की ऐन रंगात आलेलं जंगल सोडून परत फिरावं लागतं, ते आठवतंय ना? इथे अख्खा दिवस आपला. दुपारी गाइड दाखवेल त्या झाडाखाली जेवायचं आणि समोर मैलभर गवत. हा विचार आला की माझं कामात लक्ष लागत नाही.

तंबू म्हणजे तुला एनसीसीच्या कॅम्पमधला आठवत असेल तर तो डोक्यातून काढ. खाली फरशी, कॉट, मच्छरदाणी, मागे न्हाणीघर. वीज संध्याकाळी काही तास, तेवढ्यात फोन चार्ज करायचे. पहाटे चांगलीच थंडी असते, कारण मारा दीड हजार मीटरच्या वर आहे. आफ्रिका म्हणजे उकाडा असं समजून तू नुसते सुती कुडते आणशील म्हणून सांगते, स्वेटर घे.

अंबोसेलीवरून तू रागावशील. मला माहीत आहे, किलिमांजारोच्या पायथ्याशी हत्ती हे चित्र तुझ्या मनात शाळेपासून आहे. पण नकाशा समोर घे. मारा नैरोबीच्या पश्चिमेला, अंबोसेली दक्षिणेला, म्हणजे परत नैरोबीवरून खाली जायचं. दोन दिवस रस्त्यात, शिवाय गाडी, डिझेल, नवी फी. सफारीत पैसा जातो तो एका रानातून दुसऱ्या रानात जाण्यात. आणि रान काय, धावत बघायची गोष्ट आहे का गं? एका सिंहिणीपाशी निवांत तासभर थांबता आलं तर ती उठून कुठे जाते, पिल्लं तिच्या मागे कशी येतात, हे कळतं. नाहीतर फोटो काढला, चला पुढे. मला तुझ्याबरोबर त्या तासासाठी यायचंय. अंबोसेलीसाठी आपण पुन्हा भिशी लावू, हे मी मनापासून सांगते. बलूनही यंदा नाही, माणशी साडेचारशे-पाचशे डॉलर आहेत, तेवढ्यात आपला मारातला सगळा प्रवेश होऊन वर उरतात.

गाडी मात्र मी जपून निवडतेय. गाडीचं दिवसाचं भाडं दोघींनी बसा नाहीतर सहांनी, तेवढंच. म्हणून आपण एका छोट्या गटात जाणार, टप वर उचलता येणाऱ्या व्हॅनमध्ये, आणि प्रत्येकाला खिडकी हवी ही अट मी लेखी घातलीय. इथल्या एका टूरवाल्यानं मला 'बिग फाइव्ह गॅरंटी' असं छापलेलं पत्रक दिलं आणि सगळे पैसे आधीच मागितले. त्या पाचांतले गेंडे मारात मोजके, त्यांची गॅरंटी कोण देणार? तिथून मी उठलेच. केनियात गाइडांची परीक्षा घेणारी त्यांची संघटना आहे, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या असतात. मी प्रत्येकाला एकच विचारते, तुमचा गाइड कुठल्या पायरीवर आहे? उत्तर देताना जो अडखळतो त्याला सोडून देते. तंबू साधा चालेल, जेवण साधं चालेल, पण दाखवणारा माणूस उत्तम हवा.

आणि एक वचन दे. मारात एका प्राण्याभोवती पाचच गाड्या असाव्यात असा नियम आहे, आणि मार्ग सोडून गवतात गाडी घालायची नाही. प्रवासीच ड्रायव्हरच्या मागे लागतात, 'जरा जवळ घ्या, जरा पुढे घ्या', आणि बक्षिशीच्या आशेनं तो बिचारा घेतो. चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो, त्याच्याभोवती गाड्यांचं कोंडाळं झालं की त्याची शिकार हुकते, पिल्लं उपाशी राहतात. आपण मागे लागायचं नाही. आणि तू कुजबुजायचं नाहीस. नागझिऱ्यात तुझी ती कुजबुज पलीकडच्या जिप्सीतल्या लोकांनीही ऐकली होती आणि अस्वल तर तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत नाहीसं झालं होतं. तुझे दादा किती हसले होते!

दादांवरून सांगायचं राहिलं. तुझ्या भावानं त्यांची दुर्बीण माझ्याकडे आणून दिलीय, तुला पोहोचवायला. तिचा पट्टा झिजलाय, डाव्या भिंगाच्या कडेला त्यांनी लावलेला काळ्या चिकटपट्टीचा तुकडा तसाच आहे. ते गेले तेव्हा मी तुमच्या घरी तुला फोनवर सगळं दाखवत होते आणि तू पलीकडे नुसती बघत होतीस. तेव्हापासून मला तुला प्रत्यक्ष भेटायचंय, घरच्या माणसांच्या गर्दीत नाही, अशा ठिकाणी जिथे दिवसभर शेजारी बसता येईल आणि बोलायलाच हवं असं नाही. कुरिअरनं पाठवणं सोपं होतं, पण मी पाठवली नाही. नैरोबीला हातात देईन.

मसाई वस्ती बघायला जायचं का, असं तू विचारलंस. माझं मन होत नाही. पैसे देऊन माणसांच्या घरात डोकावायचं आणि त्यांनी आपल्यासाठी उड्या मारून दाखवायच्या, हे मला जड जातं. पण त्या माणसांकडे पाठ फिरवायचीही नाहीये. राखीव रानाच्या भोवतालची जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची आहे, आणि नाबोइशो, ओलारे मोटोरोगी अशा नावांची रानं त्यांनी भाड्यानं दिलेल्या जमिनींवर उभी आहेत. दर महिन्याला घरात भाडं येतं, म्हणून तिथे कुंपणं पडत नाहीत आणि सिंहाला फिरायला जागा उरते. ती रानं आपल्या खिशाबाहेरची. म्हणून मी तालेकमधला गावातल्याच माणसांनी चालवलेला तंबू शोधला. आपले पैसे निदान त्या गावात राहतील.

परतीच्या वाटेवर नैवाशा. तिथे हेल्स गेट नावाचं रान आहे, त्यात चक्क सायकलवर फिरता येतं, आजूबाजूला झेब्रे आणि जिराफ चरत असतात. फी माराच्या मानानं पुष्कळ कमी, सायकल भाड्यानं मिळते. तुझा गुडघा काय म्हणतो ते आधी कळव. नाहीतर तू सावलीत बस, मी एक चक्कर मारून येते आणि तुला जिराफाचं सगळं वर्णन करते, तुला ते अजिबात सहन होणार नाही आणि तू सायकल घेशीलच. शेवटच्या दिवशी नैरोबीत शेल्ड्रिकच्या अनाथालयात पोरकी हत्तीची पिल्लं बघायची. रोज अकरा ते बारा, एवढा एकच तास, आधी नाव नोंदवून. मोठ्या बाटलीतून दूध पितात ती. थोडी वाढली की त्यांना त्सावोच्या रानात नेऊन हळूहळू मोकळं करतात. तू तिथे रडणार हे मी धरून चाललेय, रुमाल दोन घेतेय.

खाऊचं काय, हा सासूबाईंचा प्रश्न. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, आणि राखीव रानांत २०२० पासून एकदाच वापरायचं प्लास्टिकही नेता येत नाही. त्यामुळे चिवडा पिशवीत भरायचा नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना हा देश एकदम आवडला. माळ्यावरचा जुना पितळी कडीचा स्टीलचा डबा उतरवला, चिंचेनं घासला आणि आता रोज कोणी आलं की 'हा आफ्रिकेला जाणार' म्हणून दाखवतात. शाकाहारी जेवणाची काळजी करू नकोस, नैरोबीत गुजराती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पार्कलँड्स भागात हवं ते मिळेल.

तुझ्याकडून मला एवढंच हवंय: रजेच्या तारखा आणि विमानाचा होकार. तिकीट आत्ता काढलं तर परवडेल, सुट्टी जवळ आली की तुमच्याकडचे दर बघवत नाहीत. व्हिसा आता लागत नाही, त्याऐवजी ऑनलाइन परवानगी काढायची, ३० डॉलर, तुलाही आणि मलाही. तंबूचं आरक्षण पक्कं झालं की कागद पाठवते, ते त्यात जोडावं लागतं. रविवारी फोन कर, पण अकराच्या आत, नंतर माझ्याकडे पाहुणे आहेत.

तुझीच,
मी

ता. क. पिवळ्या तापाची लस मी निघायच्या निदान दहा दिवस आधी घेणारच आहे, तिचा दाखला नसेल तर केनियाहून परतताना इथे सहा दिवस वेगळं ठेवतात. तूही तुझ्या डॉक्टरांना लस आणि मलेरियाच्या गोळ्या, दोन्ही विचार. एकदा टोचली की जन्माची काळजी मिटते. आणि लोणचं मी आणतेय, तू आणू नकोस. मागच्या खेपेला तुझी बरणी फुटली ती कुणाच्या बॅगेत, ते आठव.