ओल्या रस्त्यावरची चाके

चाक हा माणसाचा फार जुना सोबती. पण चाकाची आणि रस्त्याची गाठ जेथे पडते ती जागा किती लहान असते, ह्याचा विचार आपण सहसा करीत नाही. शर्यतीच्या सायकलीचेच उदाहरण घ्या. सायकल व स्वार मिळून साठ-पासष्ट किलोंचे ओझे, ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरांचा वेग, आणि हा सारा व्यवहार जमिनीला टेकलेल्या दोन ठशांवर चाललेला. तो प्रत्येक ठसा फार तर रुपयाच्या दोन नाण्यांएवढा! रस्ता कोरडा असतो तोवर हा हिशेब मनात येत नाही. पाऊस पडला की तोच हिशेब घरातल्या वडीलमाणसांची झोप उडवितो.

आमच्या घरी हा प्रश्न आला तो आमच्या पुतणीमुळे. बारामतीहून इंदापूरपर्यंत जाऊन परत यावयाचे, अशी शर्यत भाद्रपदात ठरली होती, आणि तिने तीत नाव घातले होते. आमचा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. आषाढात ढग नुसते हुलकावणी देऊन जातात. परंतु भाद्रपदाची गोष्ट निराळी. परतीच्या वाटेवरचा पाऊस कोणत्या दुपारी कोसळेल ह्याचा नेम नसतो. आमच्या मातोश्रींनी बातमी ऐकली आणि स्पष्टच सांगितले, "पावसात शर्यती लावायच्या म्हणजे हातपाय मोडून घ्यायचे. मुळीच जायचे नाही." वहिनींचे डोळे भरून आले. मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, "आजी, पाऊस पडला तर मी कोणत्या टायरांवर जाणार आहे ते आधी ऐकून घे, आणि मग नाही म्हण." ही अट आम्हांस न्यायाची वाटली, म्हणून रात्री जेवणे झाल्यावर सारे घर माजघरात बसले.

तिच्यापुढे दोन जोड होते. एक पंचवीस मिलिमीटर रुंदीचा, हलका, पातळ रबराचा, केवळ वेगासाठी केलेला. दुसरा अठ्ठावीस मिलिमीटरांचा, किंचित जड, परंतु ओल्या रस्त्याला धरून राहील अशा रबराचा. आम्ही सहज विचारले की, दोन्ही टायर वरून इतके गुळगुळीत कसे? मोटारीच्या टायरला पाणी बाहेर काढण्यासाठी खोल नक्षी असते, मग सायकलीच्या टायरला ती नको का? पुष्कळांना हीच शंका येते, म्हणून तिचे उत्तर येथे देतो. मोटारीचे टायर रुंद व सपाट असते. वेग वाढला की त्याच्याखाली पाण्याचा थर अडकतो आणि गाडी त्या थरावर तरंगू लागते. सायकलीचे टायर अरुंद व गोल असून त्यात हवा दाबून भरलेली असते. ते पाणी दोन्ही बाजूंस लोटून खाली रस्त्याला भिडते. अमेरिकेतील नासा ह्या संस्थेत विमानांच्या चाकांवर प्रयोग झाले, त्यांतून एक ठोकताळा निघाला आहे. त्याप्रमाणे ५५ पौंड हवा भरलेले चाक पाण्यावर तरंगावयास ताशी १२० किलोमीटरांहून अधिक वेग लागतो. तेवढा वेग आमच्या सपाट मुलखात कोणता सायकलस्वार गाठणार? तेव्हा डांबरी रस्त्यावर नक्षीचा उपयोग जवळजवळ नाही. नक्षी कामास येते ती मऊ मातीत.

मग ओल्या रस्त्यावर सायकल घसरते ती कशाने? रस्ता डोळ्यांना सपाट दिसला तरी खडीच्या कणांनी तो खरखरीत असतो. रबर त्या खाचाखोचांत शिरते आणि चाक धरून ठेवते. पाण्याचा पातळ पापुद्रा मध्ये आला की ही पकड सैल होते. म्हणून रबर मऊ हवे, गारव्यातही न ताठणारे हवे. त्यासाठी हल्ली रबरात सिलिका मिसळतात. मऊ रबर लवकर झिजते, हे खरे. परंतु शर्यतीच्या टायरकडून वर्षानुवर्षे चालण्याची अपेक्षा कोणी धरीत नाही. दुसरी गोष्ट हवेची. पूर्वी तेवीस मिलिमीटरांचे टायर दगडासारखे फुगवीत, आणि जितके टणक तितके वेगवान अशी समजूत असे. आता अठ्ठावीस वा तीस मिलिमीटरांचे टायर थोड्या कमी हवेवर चालवितात. खडबडीत रस्त्यावर ते उड्या मारीत नाही, म्हणून शक्ती वाया जात नाही आणि पकडही सुटत नाही. पावसात हवा आणखी चार-पाच पौंड उतरवावयाची. मुलीचे वजन चोपन्न किलो. तिने पुढच्या चाकात ५५ व मागच्यात ५८ पौंड हवा ठरविली होती.

मातोश्री इतका वेळ जपमाळ ओढीत ऐकत होत्या. त्यांनी एकच प्रश्न केला, "पडायची वेळ आली तर हे टायर आधी सांगते का?" आमच्या मते साऱ्या चर्चेत इतका मुद्द्याचा प्रश्न दुसरा झाला नाही. टणक, अरुंद टायर ओल्यावर सुटते ते एकदम, पूर्वसूचना न देता. रुंद व थोडे मऊ टायर सुटण्याआधी किंचित सरकते, आणि जाणत्या हाताला ते कळते. मुलीने हे आजीला समजावून सांगितले, आणि मग स्वतःच पुढे म्हणाली, "पण आजी, पांढऱ्या पट्ट्यावर, लोखंडी झाकणावर आणि चिखलावर कोणतेही टायर काही सांगत नाही. तेथे मला आधीच हळू व्हावे लागेल."

हा चिखल म्हणजे काय, हे आमच्या भागातील वाचकांस सांगणे नको. बारामतीहून सणसर, निमगाव केतकी व इंदापूर हा श्रीतुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग. दोन्ही अंगांना नीरेच्या कालव्याखालची उसाची शेते आणि काळी माती. शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर चढला की चाकांबरोबर ती माती वीस-पंचवीस पावले डांबरावर येते, आणि पावसाच्या पहिल्या सरीत तिचे लोणी होते. शिवाय कालव्याकाठची वेडी बाभूळ आहेच. ओले रबर काट्याने लवकर चिरते, कारण पाणी तेथे तेलाचे काम करते. ह्यावर तिने बिनट्यूबचे टायर घेतले होते. त्यात चिकासारखा द्रव घालतात. बारीक छिद्र पडले तर ते आपोआप बुजते.

पहिल्या सरीचे भय परदेशातही असेच आहे. २९ ऑगस्ट २०२० रोजी फ्रान्समधील नीस येथे तेथील प्रख्यात शर्यतीचा पहिलाच टप्पा होता. बरेच दिवस कोरड्या राहिलेल्या रस्त्यावर पाऊस आला, साठलेली धूळ व तेल वर आले, आणि जगातले निवडक स्वार उत्तमोत्तम टायरांवरून भराभर पडले. शेवटी टोनी मार्टिन ह्या अनुभवी जर्मन स्वाराने हात पसरून पुढच्यांस आवरले, आणि एका उतारावर साऱ्यांनी मिळून वेग कमी केला. त्यांच्यापैकी कोणाला भित्रा म्हणण्याचे धाडस आम्हांस तरी होणार नाही.

मातोश्रींनी परवानगी दिली ती एका अटीवर: रस्त्यावर माती दिसली की शर्यत विसरावयाची. शर्यतीच्या दिवशी परतताना निमगावच्या अलीकडे सर आली. पुढे एका वळणावर माती पसरलेली होती. मुलीने वेग सोडला, आणि तिच्या बरोबरीचा घोळका पुढे निघून गेला. त्यातले दोघे पडले. सुदैवाने खरचटण्यावर निभावले. बाकीचे मात्र सुखरूप पार झाले, आणि ती अकरावी आली. संध्याकाळी तिच्या चेहऱ्यावर थोडी खंत होती. "मीही पार झाले असते, काका," असे ती एकदा म्हणाली. झालीही असती, ते कोणी सांगावे? आम्ही तिची समजूत घालीत बसलो नाही. तिच्या आजीने तिच्या ताटात एक पुरणपोळी अधिक वाढली, एवढेच.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यातून आंतरराष्ट्रीय दर्जाची सायकल-शर्यत झाली; तेव्हापासून हे वेड आणखी पुष्कळ घरांत शिरले असेल. अशा घरांतील वडिलांस आमची एवढीच विनंती की, नाही म्हणण्यापूर्वी मुलांना एकदा माजघरात बसवून विचारावे: टायर कोणते, हवा किती, आणि हळू कोठे होणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे दुकानातही मिळतात. तिसऱ्याचे उत्तर मूल स्वतः होऊन देत असेल, तर त्याला जाऊ द्यावे.