उसळ खातो, सोवळं पाळत नाही

आमच्या घरात आठवड्यातले पाच दिवस मटण-मासळी शिजत नाही. हे कळल्यावर कुणी "छान, शाकाहारी झालात!" म्हणालं की आम्ही तिथंच दुरुस्ती करतो. आम्ही शाकाहारी झालेलो नाही. आम्ही हुलगे, मटकी, चवळी, तूर खातो आणि आमच्या आज्ज्याही तेच खात होत्या. नांदेड-लातूरच्या वस्त्यांत बिनमटणाचं जेवण हा कधी धर्माचा प्रश्न नव्हताच, तो मजुरीचा प्रश्न होता. बाजाराच्या दिवशी हातात पैसा आला तर मटण, नाहीतर भाकरी आणि पातळ आमटी.

2015 मध्ये राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. गरिबाचं स्वस्त मांस गेलं. नोव्हेंबर 2023 मध्ये शाळेच्या पोषण आहारात अंडं आलं आणि जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी थांबला. वर सल्ला तयारच असतो: डाळी खा. अहो, खातोच! पण ताटात डाळ किती पडते, हे कोण विचारतं? लातूरची तूरडाळ देशभर जाते. त्याच शहरात डाळीची पोती वाहणाऱ्यांच्या घरी वरणातलं पाणी आम्ही पाहिलं आहे.

वस्तीतल्या महिलांच्या बैठकीत आम्ही एकच प्रश्न विचारतो, "ताई, काल तुमच्या ताटात काय उरलं होतं?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: रस्सा. दाणे नवऱ्याला आणि लेकरांना, रस्सा तिला. समाजशास्त्राच्या पुस्तकात आम्ही पितृसत्ता शिकलो. ती पातेल्याच्या तळाशी कशी दिसते, हे या बायांनी दाखवलं.

म्हणून आमच्या घरची पद्धत सांगतो. पाच माणसांना पाव किलो हुलगे किंवा मटकी. रात्री भिजवायची, सकाळी ते पाणी टाकून फडक्यात बांधायची, संध्याकाळपर्यंत मोड डोकावतात. फोडणीला कांदा, ठेचलेला लसूण, काळं तिखट, शेवटी शेंगदाण्याचा कूट. सोवळ्याच्या स्वयंपाकात कांदा-लसणाला बंदी, आमच्या उसळीचा जीवच त्यात! सोडा घालायचा नाही, त्यानं ब जीवनसत्त्व जातं. पाणी बेताचं ठेवायचं. एवढ्यात प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास दोन अंड्यांएवढी प्रथिनं येतात. सोबत ज्वारीची भाकरी हवीच, कारण धान्य आणि कडधान्य एकमेकांची उणीव भरून काढतात. वर लिंबू पिळलं की लोह अंगी लागतं. जेवल्यावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्वयंपाक करणाऱ्या बाईचं ताट आधी वाढायचं, दाण्यांसकट. ज्या दिवशी घरातला पुरुष स्वयंपाक करतो, त्या दिवशी हा नियम त्यालाही लागू.

मित्रांनो, बाबासाहेबांनी 1927 मध्ये महाडला मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं ते स्वाभिमानासाठी. त्यात सोवळ्या-ओवळ्याला जागा नव्हती. देवदत्तानं भिक्खूंवर मांसबंदी लादायची मागणी केली, तेव्हा तथागतांनी ती नाकारली. ज्याला पाळायचं त्यानं पाळावं, सक्ती नको. आमची भूमिकाही हीच आहे. उसळ खाणं हा आमचा निर्णय आहे, तो कुणाच्या पावित्र्याचा पुरावा नाही. कडधान्यात बी-12 जीवनसत्त्व नसतं, त्यामुळे उसळ कितीही चांगली झाली तरी लेकरांच्या अंड्याची मागणी आम्ही सोडणार नाही.

आपापल्या वस्तीत हे दोन्ही करा. घरात उसळ घट्ट करा आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीत अंड्याचा ठराव मांडा. ठराव मांडायला जाणाऱ्या बाईनं मात्र आदल्या रात्री पोटभर जेवलेलं असलं पाहिजे.

जय भीम!