स्टेपरचा वेग कुठे अडतो?

यवतमाळ जिल्हा सागाचा. सागात सिलिका असते आणि ती धार लवकर बोथट करते, हे इथल्या सुताराला सांगावे लागत नाही. घरी बांधलेल्या सीएनसी राउटरवर देव्हाऱ्याची महिरप कोरताना सागाचा हा गुण आणखी महागात पडतो. दोन धारांचा बिट मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल आणि यंत्र मिनिटाला ६०० मिलिमीटरच सरकत असेल, तर एकेका धारेच्या वाट्याला जेमतेम ०.०१७ मिलिमीटर लाकूड येते. एवढ्याने ढलपी निघत नाही. धार लाकडावर घासते, तापते, नक्षीची कड काळी पडते आणि बिट जातो. तेच यंत्र ३,००० मिलिमीटरने सरकले, तर ०.०८३ मिलिमीटरची ढलपी निघते आणि उष्णता तिच्याबरोबर बाहेर पडते. बिटचे फेरे कमी करावेत, असे कुणी म्हणेल. पण स्वस्त ट्रिमरचे फेरे तेवढे खाली येत नाहीत आणि आले तरी त्यात जोर उरत नाही. म्हणून सरकण्याचा वेग वाढवणे भाग आहे, आणि तो अडतो स्टेपर मोटारीपाशी.

अशा वेळी मोठी मोटार आणून बसवतात. माझ्या मते घरगुती यंत्रांतली सर्वांत महागडी चूक हीच. विकताना सांगितला जाणारा टॉर्क हा होल्डिंग टॉर्क, म्हणजे मोटार उभी असतानाचा. फिरताना त्यातला किती उरेल, हे वाइंडिंगच्या इंडक्टन्सवर ठरते. नेहमीची स्टेपर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ५ मिलिमीटर पिचच्या स्क्रूवर ३,००० मिलिमीटरसाठी मिनिटाला ६०० फेरे लागतात, म्हणजे सेकंदाला २,००० पावले, एका पावलाला अर्धा मिलिसेकंद. समजा मोटार ३ अँपिअरची आहे, रोध १ ओहम आणि इंडक्टन्स ३ मिलिहेन्री. तिच्यावर ३ व्होल्ट लिहिलेले असेल. तेवढेच ३ व्होल्ट दिले, तर अर्ध्या मिलिसेकंदात करंट ०.४६ अँपिअरपर्यंतच चढतो आणि तोवर पुढच्या पावलाची वेळ होते. ओलित करताना सरी भिजायच्या आत पाणी दुसरीकडे वळवावे, तसे हे झाले. तिलाच ४८ व्होल्ट दिले की करंट मिलिसेकंदाला १६ अँपिअर या दराने चढतो आणि ०.१९ मिलिसेकंदात ३ अँपिअर गाठतो. फिरत्या रोटरचे उलटे व्होल्टेज धरले तर थोडा जास्त वेळ लागेल, पण हिशेबाची दिशा बदलत नाही. आता याच ४८ व्होल्टवर ८ मिलिहेन्रीची ‘दणकट’ मोटार लावून पाहा. करंट चढायलाच अर्धा मिलिसेकंद लागतो, म्हणजे अख्खे पाऊल त्यात जाते. उभी असताना जी जास्त जोरदार, तीच या वेगाला आधी पाऊल सोडते. ड्रायव्हर बनवणाऱ्या गेकोड्राइव्ह कंपनीचे मारिस फ्रायमानिस यांचा ठोकताळा इथे फार उपयोगी आहे: मिलिहेन्रीचे वर्गमूळ काढा आणि त्याला ३२ ने गुणा, म्हणजे त्या मोटारीला जास्तीत जास्त किती व्होल्ट द्यावेत ते कळते. ३ मिलिहेन्रीला हे ५५ व्होल्ट येतात, ८ मिलिहेन्रीला ९०. बाजारातला डीएम५४२ ड्रायव्हर ५० व्होल्टपर्यंतच पेलतो, तेव्हा दुसरी मोटार त्याच्यावर कधीच पुरती उघडणार नाही. आठ तारांची मोटार असेल तर कॉइल समांतर जोडाव्यात. एकसर जोडल्या की इंडक्टन्स समांतरच्या चौपट होतो.

३ व्होल्टच्या मोटारीला ४८ व्होल्ट दिले तर ती जळणार नाही का, हा आक्षेप रास्त आहे. थेट जोडली तर नक्की जळेल. पण चॉपर ड्रायव्हर करंटवर नजर ठेवतो. ठरलेली मर्यादा गाठली की पुरवठा तोडतो, करंट उतरला की पुन्हा जोडतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा चालते. मोटारीवरचे ३ व्होल्ट म्हणजे ३ अँपिअर गुणिले १ ओहम, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. व्होल्टेज वाढले की लोखंडातली उष्णता थोडी वाढते, हे खरे. बहुतेक मोटारींचे कवच ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापले तरी चालते. मात्र विदर्भातल्या मे महिन्यात हवाच ४५ अंशांची असते, तेव्हा हातची सवलत कमी उरते. डीएम५४२ वर चौथी छोटी स्विच आहे. ती ‘ऑफ’ ठेवली की मोटार थांबलेली असताना करंट निम्मा होतो. मला खरी काळजी वाटते ती वीजपुरवठ्याची. ३२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर लावून सुमारे ४४ व्होल्ट मिळतात. पण रात्री गावातला दाब २३० वरून २५० वर गेला की तेच ४८ च्या घरात जातात. मोटार झटकन थांबताना जी ऊर्जा परत फेकते, ती याच्यावर चढते. म्हणून ५० च्या ड्रायव्हरला ५० देऊ नयेत. स्थिर एसएमपीएसचे ४० ते ४४ पुरेत.

व्होल्टेज सुधारूनही यंत्र अडखळत असेल तर दोष कंट्रोलरचा असू शकतो. नॉर्वेच्या सिमेन स्कोग्सरुड यांनी २००९ मध्ये सुरू केलेला जीआरबीएल हा मोफत प्रोग्राम आर्डुइनो उनोवर सेकंदाला सुमारे ३०,००० पल्स देतो. ५ मिलिमीटर पिचचा बॉलस्क्रू आणि १६ मायक्रोस्टेप असतील तर एका मिलिमीटरला ६४० पल्स लागतात, म्हणजे मिनिटाला २,८०० मिलिमीटरच्या वर जाताच येत नाही. ८ मायक्रोस्टेपवर हीच मर्यादा दुप्पट होते आणि लाकडाला ती बारकाई भरपूर आहे. हार्डवेअरच्या दुकानातला १२ मिलिमीटरचा आट्यांचा रॉड वापरला असेल तर त्याचे पिच १.७५, ६०० फेऱ्यांना १,०५० मिलिमीटरच मिळतील, मोटार कोणतीही असो.

कमाल वेगापेक्षाही मी प्रवेगाला जास्त मान देतो. मिनिटाला ३,००० मिलिमीटर म्हणजे सेकंदाला ५०. प्रवेग १०० (मिलिमीटर प्रति सेकंद वर्ग) असेल तर तो वेग गाठायला १२.५ मिलिमीटर अंतर जाते. ५०० असेल तर २.५. महिरपीतल्या पाकळीची रेघच दहा मिलिमीटरची असते, मग १०० प्रवेगाच्या यंत्रावर स्क्रीनवरचा आकडा प्रत्यक्षात कधी येणारच नाही. जड गॅन्ट्री हलकी करणे, पट्ट्या सरळ रेषेत बसवणे, कपलिंग घट्ट करणे, यातला प्रत्येक तास प्रवेगात परत मिळतो.

सर्वोच्च पर्याय म्हणून सर्व्हो सुचवला जातो. तो ३,००० फेऱ्यांपर्यंत टॉर्क टिकवतो. दिवसभर दारे कोरणाऱ्या कारखान्याने तोच घ्यावा. क्लोज्ड लूप स्टेपर मात्र सर्व्हो नव्हे. एन्कोडर चुकलेले पाऊल सांगतो, पण कॉइल तीच असते आणि तिला लागणारे व्होल्टेजही तेच. पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे डिजिटल यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली. गावात यंत्र बांधता येते, हे तिथे केव्हाच दिसले आहे. पुसदला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जिल्ह्यात आयटीआय आहेत; तिथल्या शिक्षकांनी फिटर आणि इलेक्ट्रिशियनच्या मुलांना हे एका पावलाचे गणित फळ्यावर करून दाखवावे, अशी माझी विनंती आहे. आणि यंत्र बांधायला निघालेल्या वाचकाने मोटारीचे पैसे देण्याआधी दुकानदाराकडे डेटाशीट मागावी, त्यातला मिलिहेन्रीचा आकडा पाहावा. तो चारच्या वर असेल तर ४८ व्होल्टवर ती मोटार घेऊ नये.